मोजणी, नामकरण आणि ताबा : अंतराळ-खेळांतील ग्रहमाला-सर्वेक्षणाचा इतिहास

१

सर्वेक्षण हा वाङ्मयप्रकार मानावा काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेत क्वचितच उपस्थित होतो. प्रवासवर्णनाला आपण वाङ्मयाच्या कक्षेत घेतले, रोजनिशीला आणि पत्रव्यवहारालाही घेतले. पण मोजणीदाराची वही, जहाजावरील खोलीच्या नोंदी, किनाऱ्याचा आलेख हे सारे ‘साधन’ म्हणून बाहेर ठेवले. या विभागणीचे एक ठळक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात सापडते. ‘बीगल’ हे जहाज १८३१ मध्ये निघाले ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण पुढे नेण्यासाठी. १८३६ मध्ये ते परतले आणि १८३९ मध्ये कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याच्या संपादनाखाली या सफरींचा बहुखंडी वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याचा तिसरा खंड चार्ल्स डार्विनचा होता. हा खंड पुढे स्वतंत्रपणे वाचला गेला, त्याला वाङ्मयाची प्रतिष्ठा मिळाली. ज्या मोजणीसाठी जहाज निघाले होते ती मात्र नौकानयनाच्या नकाशांत विरून गेली. सफर एकच, पण तिच्यातून निघालेल्या दोन लेखनांपैकी एकालाच वाचक लाभला.

या जहाजाचे नाव आज एका ताऱ्याला आहे. तो तारा संगणकावरील एका खेळात आहे. ‘एलिट डेंजरस’ या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खेळात सूर्यापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षे दूर, आकाशगंगेच्या पलीकडच्या काठाशी एक ग्रहमाला आहे. यंत्राने तिला दिलेले नाव ‘सीकिया झेडक्यू-एल सी२४-०’ असे होते. तेथवर पोचलेल्या खेळाडूंच्या समुदायाने तिला ‘बीगल पॉइंट’ म्हटले आणि पुढे खेळाच्या नकाशानेही ते नाव स्वीकारले. हे नाव फिट्झरॉयच्या मोजणीचे स्मरण आहे की डार्विनच्या वृत्तान्ताचे, हे सांगणे कठीण आहे. आणि ही संदिग्धताच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अंतराळ-खेळांत ग्रहमालांचे सर्वेक्षण कसे सुरू झाले, ते कशासाठी केले गेले, आणि त्याच्या इतिहासात ‘रिकामी जागा’ या कल्पनेचे काय झाले, हे येथे पाहायचे आहे. हे खेळ वाङ्मय आहेत असा दावा येथे नाही. वाङ्मयीन विचाराला ज्या संकल्पना आधारभूत वाटतात (कर्ता, संहिता, वाचक, स्थळ) त्या या खेळांत एका वेगळ्या कसोटीला लागतात, एवढेच म्हणावयाचे आहे.

२

आरंभ १९८४ पासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अ‍ॅकॉर्नसॉफ्ट या प्रकाशनाने ‘एलिट’ हा खेळ बीबीसी मायक्रो या संगणकासाठी प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल हे केंब्रिजचे विद्यार्थी होते. या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. एवढ्या जागेत शेकडो ग्रहमालांची माहिती साठवणे शक्यच नव्हते. यावर कर्त्यांनी शोधलेला उपाय वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावा असा आहे : त्यांनी माहिती साठवलीच नाही, माहिती निर्माण करणारा नियम साठवला. सोळा द्विमान अंकांच्या तीन संख्या हे बीज. त्या तिन्हींची बेरीज करून नवी संख्या मिळवायची, पहिली टाकून द्यायची, आणि हेच पुनःपुन्हा करीत जायचे. मिळणाऱ्या अंकांतून ग्रहाचे स्थान, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था, लोकसंख्या ठरे. अक्षरजोड्या निवडल्या जाऊन लाव्हे, डिसो, लीस्टी, झाओन्से अशी नावे घडत. आणि त्याच अंकांच्या आधारे साचेबंद वाक्यांतील रिकाम्या जागा भरून ग्रहाचे एका ओळीचे वर्णनही तयार होई. अशा २५६ ग्रहमालांची एक दीर्घिका, आणि अशा आठ दीर्घिका. एकूण २,०४८ ग्रहमाला.

या पद्धतीत कर्ता कोठे आहे? रोलाँ बार्थ यांनी १९६० च्या दशकात कर्त्याच्या मृत्यूची घोषणा केली तेव्हा त्यांच्यासमोर कोणीतरी लिहिलेल्याच संहिता होत्या. येथे वाक्य कोणीच लिहिलेले नाही. तरीही कर्ता नाहीसा झाला असे म्हणता येत नाही. तो वाक्याकडून व्याकरणाकडे सरकला आहे. याहून उद्बोधक गोष्ट अशी की, नियम लिहून झाल्यावर कर्त्यांना स्वतःच्या विश्वाचे वाचक व्हावे लागले. एका दीर्घिकेत एका ग्रहाचे नाव अश्लील निघाले म्हणून ती अख्खी दीर्घिका त्यांनी वगळली, हे प्रसिद्ध आहे. नियमात एक शब्द खोडण्याची सोय नसते. शब्द नको असेल तर विश्वच बदलावे लागते. तसेच, मूळ योजनेत दोनचा अठ्ठेचाळिसावा घात, म्हणजे २८१ लाख कोटींहून अधिक दीर्घिका असाव्यात असे होते. प्रकाशकाच्या आग्रहाने त्या आठ झाल्या. एवढ्या प्रचंड संख्येमुळे विश्वाचे कृत्रिमपण उघडे पडेल, ही त्यामागची भीती होती. होर्हे लुइस बोर्हेस यांच्या ‘बाबेलचे ग्रंथालय’ या १९४१ च्या कथेतील सर्वव्यापी ग्रंथालय वाचकाला ज्या निराशेपर्यंत नेते, तीच निराशा या प्रकाशकाला व्यापारी दृष्टीने दिसली असावी.

तथापि सर्वेक्षणाच्या दृष्टीने पाहता १९८४ च्या ‘एलिट’मध्ये शोध असा नव्हताच. नकाशा पहिल्या क्षणापासून खेळाडूच्या हाती होता. कोणत्या ग्रहावर अराजक, कोठे सरंजामशाही, कोठे लोकशाही, हे तेथे न जाताच वाचता येई. अज्ञात होते ते फक्त बाजारभाव. खेळाडू शंभर क्रेडिटच्या भांडवलावर व्यापार करी, चाच्यांशी लढे, एका उडीत सात प्रकाशवर्षे जाई. मिशेल द सर्तो यांनी ‘नकाशा’ आणि ‘मार्ग’ असा जो भेद केला आहे, त्याच्या परिभाषेत बोलायचे तर नकाशा येथे आयता होता, खेळाडूच्या वाट्याला फक्त मार्ग होता. खेळासोबत मात्र एक छापील कादंबरिका मिळे : रॉबर्ट होल्डस्टॉक यांची ‘द डार्क व्हील’. हे लेखक ‘मिथॅगो वुड’ या त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीमुळे ओळखले जातात. कादंबरिकेत ‘रॅक्स्ला’ नावाच्या एका दंतकथेतील ग्रहाचा उल्लेख आहे आणि तो नकाशावर नाही. म्हणजे ज्या विश्वात सर्व काही आधीच मोजलेले होते, त्यात न मोजलेली एकमेव जागा छापील वाङ्मयाने पुरवली. पुढच्या ‘एलिट डेंजरस’मध्ये खेळाडू वर्षानुवर्षे रॅक्स्लाचा शोध घेत राहिले, यावरून या एका उल्लेखाचे बळ कळावे.

३

सर्वेक्षण हा खेळाचा मुख्य व्यवसाय झाला तो १९८६ मधील अमेरिकन खेळात. बायनरी सिस्टिम्स या गटाचा ‘स्टारफ्लाइट’ हा तो खेळ. त्यात सुमारे २७० तारे आणि ८०० ग्रह होते. ग्रहांचा पृष्ठभाग येथेही नियमाने घडवलेला होता. खेळाडू ‘इंटरस्टेल’ नावाच्या कंपनीचा कप्तान असतो. त्याने ग्रहाभोवती कक्षेत जावे, वातावरण, तापमान, गुरुत्व यांची नोंद घ्यावी, वाहन घेऊन उतरावे, खनिजे गोळा करावीत, प्राणी पकडावेत, आणि वसाहतीस योग्य अशा ग्रहांची शिफारस करावी. शिफारशीबद्दल कंपनी पैसे देते. कंपनी, कप्तान, खनिज, वसाहत या चार शब्दांचा संबंध आपल्या इतिहासाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या देशाची त्रिकोणमितीय मोजणी ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाखाली विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये सुरू केली, त्या देशातील वाचकाला मोजणी ही राज्यव्यवहाराची कृती आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण ‘स्टारफ्लाइट’ येथेच थांबत नाही, आणि म्हणूनच या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. खेळात तारे एकामागून एक भडकून आपल्या ग्रहांवरील जीवन नष्ट करीत असतात. याचे कारण शोधता शोधता खेळाडूला शेवटी असे कळते की, ‘एंड्युरियम’ म्हणून जे स्फटिक आपण खाणीतून काढतो आणि जहाजाचे इंधन म्हणून जाळतो, ते सजीव आहेत. त्यांचे जीवन इतके संथ आहे की आपल्या मोजमापाला ते जीवन म्हणून दिसत नाही. आणि ताऱ्यांचा उद्रेक हा त्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी केलेला उपाय आहे. खेळाडूच्या वहीत जो रकाना ‘खनिज’ म्हणून भरला गेला, तो वस्तुतः ‘रहिवासी’ असा हवा होता.

हा केवळ कथानकातील धक्का नव्हे. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत ज्याला अभिज्ञान म्हणतात ते येथे आहे; मात्र ते नायकाच्या कुळाविषयीचे नसून वर्गीकरणाविषयीचे आहे. सर्वेक्षणाचे उपकरण तटस्थ नसते. काय मोजायचे हे ठरले की काय दिसणार नाही हेही ठरते, हा विचार या खेळाने कोणत्याही सिद्धान्ताच्या भाषेशिवाय मांडला. मेरी लुइस प्रॅट यांचा ‘इंपीरियल आईज’ हा ग्रंथ १९९२ मध्ये आला. शस्त्र न उचलता केवळ नोंदी घेत फिरणारा निसर्गअभ्यासक स्वतःला निर्दोष समजतो, आणि तरीही त्याच्या नोंदींतून युरोपचा अधिकारच प्रस्थापित होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘स्टारफ्लाइट’चा कप्तान हा असाच निर्दोष नोंदकर्ता आहे, फरक एवढाच की खेळ त्याला त्याच्या निर्दोषतेचा हिशेब शेवटी दाखवतो.

४

१९९३ मध्ये ब्रेबन यांचा ‘फ्रंटियर : एलिट २’ आला. यात कल्पित दीर्घिका गेल्या आणि आपली आकाशगंगा आली. सूर्याच्या परिसरातील तारे त्यांच्या खऱ्या स्थानी, आणि पलीकडचे अब्जावधी नियमाने निर्माण केलेले. हे सारे एका फ्लॉपीवर. हीच रीत वाढवून २०१४ चा ‘एलिट डेंजरस’ सिद्ध झाला. त्यात ४०० अब्ज ग्रहमाला आहेत आणि त्यांपैकी सुमारे दीड लाख खगोलशास्त्राच्या सूचींतून घेतल्या आहेत. सेकंदाला एक या गतीने कोणी त्या नुसत्या मोजू लागले तर १२,००० हून अधिक वर्षे लागतील. अर्थात बहुतांश ग्रहमाला कधीच कोणी पाहणार नाही. ज्या संहितेचा फार मोठा भाग तिच्या कर्त्यानेही वाचलेला नाही आणि कोणीही वाचणार नाही, तिला संहिता म्हणावे काय? एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ च्या ‘सायबरटेक्स्ट’मध्ये वाचकाच्या श्रमाविना सिद्धच न होणाऱ्या संहितांचा विचार केला आहे. येथे त्यापुढची स्थिती आहे : ग्रहमाला नियमात ‘आहे’, पण कोणीतरी तेथे जाईपर्यंत ती घडवली जात नाही.

खगोलशास्त्र आणि कल्पित यांच्यातील सीमा किती पातळ झाली, याचे एक उदाहरण २०१७ चे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे एकूण सात ग्रह असल्याचे जाहीर झाले. खेळाच्या कर्त्यांनी पाहिले तो त्यांच्या नियमाने जवळपास त्याच अंतरावर सात खडकाळ ग्रहांचा एक तपकिरी बटुतारा आधीच निर्माण केलेला होता. त्यांनी त्याचे तपशील दुरुस्त करून त्याला ट्रॅपिस्ट-१ केले. यात भविष्यकथन काही नाही. आकाशगंगेतील द्रव्याची एकूण वाटणी गृहीत धरून नियम चालवला की जेथे द्रव्य उरते तेथे काहीतरी निर्माण होणारच. पण कल्पिताची ‘शुद्धिपत्रा’ने दुरुस्ती व्हावी आणि त्याने ते वास्तव ठरावे, ही घटना संभाव्यतेविषयीच्या आपल्या जुन्या चर्चेला नवे वळण देणारी आहे.

सर्वेक्षणाची कृती येथे तपशिलाने रचलेली आहे. ग्रहमालेत शिरताच एक संकेत सोडायचा. तो परत आला की तेथे किती पिंड आहेत एवढे कळते. डिसेंबर २०१८ पासून पुढची पायरी बदलली : खेळाडू एखाद्या श्रोत्याप्रमाणे वारंवारता जुळवत जातो, आणि बर्फाचा ग्रह, धातूचा ग्रह, पाण्याचा ग्रह आपापल्या खुणेने ओळखू येतात. मग हवा तो ग्रह निवडून त्याच्यावर शोधके सोडायची आणि पृष्ठभागाचा आलेख पुरा करायचा. ही सर्व माहिती वसलेल्या जगात आणून ‘युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स’ या कल्पित संस्थेला विकायची. विकण्यापूर्वी जहाज नष्ट झाले तर माहितीही नष्ट होते. या नियमाचा अर्थ खोल आहे. पाहणे म्हणजे ज्ञान नव्हे. परत येऊन सांगितलेले तेवढेच ज्ञान. महिनोन्‌महिने एकट्याने फिरलेला खेळाडू परतीच्या वाटेवर जी धास्ती बाळगतो, ती निवेदकाची धास्ती आहे. त्याच्या मृत्यूबरोबर फक्त तो जात नाही, वृत्तान्त जातो.

५

वृत्तान्त पोचला की बक्षीस म्हणून पैशाखेरीज एक ओळ मिळते : त्या पिंडाच्या नोंदीत ‘प्रथम शोध’ यापुढे खेळाडूचे नाव लागते आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसते. यंत्राने दिलेले मूळ नाव हे वस्तुतः पत्ता असते. ‘सीकिया झेडक्यू-एल सी२४-०’ यात पहिला शब्द आकाशगंगेचा विभाग सांगतो, मोठी अक्षरे त्या विभागातील घनाकृती खंड सांगतात, ‘सी’ हे अक्षर त्या घनाचा आकार आणि ग्रहमालेच्या वस्तुमानाची श्रेणी दाखवते. या नावात अर्थ पुष्कळ आहे, स्मृती मात्र मुळीच नाही. ‘बीगल पॉइंट’ या नावात पत्ता नाही, पण स्मृती आहे. २०१९ च्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स २’ या सामूहिक मोहिमेत दहा हजारांहून अधिक खेळाडू सहभागी झाले आणि सारे निघाले ते त्या पत्त्याच्या नव्हे, या नावाच्या दिशेने.

मराठी गद्याच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या स्थानपोथीची आठवण होणे स्वाभाविक आहे. चौदाव्या शतकातील हा ग्रंथ म्हणजे एका अर्थी सर्वेक्षणच : गाव, देऊळ, दिशा, कोणत्या ठिकाणी चक्रधरांचा वास झाला, कोठे ते बसले, याची कोरडी नोंद. त्यात वर्णनाचा सोस नाही. तरीही प्रत्येक नोंद भारलेली आहे, कारण जागेचे महत्त्व तेथे काय आहे यात नसून तेथे कोण होते यात आहे. खेळातील ‘प्रथम शोध’ हीच रचना घेते, पण उलट करून. स्थानपोथीचा नोंदकर्ता दुसऱ्याची उपस्थिती नोंदवतो आणि स्वतः मागे राहतो; खेळातील नोंदकर्ता स्वतःचीच उपस्थिती नोंदवतो, कारण तेथे पूर्वी कोणीच नव्हते. एकात स्थळ हे स्मरणाने सिद्ध होते, दुसऱ्यात अग्रक्रमाने. ‘नो मॅन्स स्काय’ या २०१६ च्या खेळाने तर वीस अंकी संख्येइतके ग्रह निर्माण करून ग्रहाला, वनस्पतीला, प्राण्याला नाव देण्याचा अधिकार पहिल्या येणाऱ्याला दिला. त्यापूर्वी, २००० मध्ये, अलेस्सांद्रो गिन्योला यांच्या ‘नॉक्टिस’मध्ये खेळाडूंनी ताऱ्यांना दिलेली नावे आणि लिहिलेली टिपणे एका सामायिक सूचीत जमा होत. तेथे पैसा नव्हता, लढाई नव्हती. होते ते फक्त पाहणे आणि लिहून ठेवणे. या परंपरेत स्थानपोथीच्या सर्वांत जवळचे काही असेल तर ती ही सूची.

६

‘एलिट डेंजरस’च्या नोंदींचा क्रम आता वर्षांसह पाहावा. २०१४ : ‘प्रथम शोध’. २०१८ : ‘प्रथम आलेखन’. २०२१ मध्ये खेळाडूला जहाजातून उतरून ग्रहावर चालता येऊ लागले तेव्हा ‘प्रथम पाऊल’. आणि २०२५ च्या आरंभी निर्जन ग्रहमालेवर हक्क सांगून तेथे वसाहत उभारण्याची सोय. पाहणे, मोजणे, पाय ठेवणे, ताबा घेणे. हा क्रम कोणी सिद्धान्त म्हणून आखला होता असे म्हणण्याचे कारण नाही; दहा-अकरा वर्षांत खेळाडूंना रस वाटावा म्हणून एकेक सोय वाढत गेली. पण नेमके याचमुळे तो क्रम बोलका आहे. शोधाच्या रूपबंधात ताबा आधीपासूनच अनुस्यूत असतो. त्याला फक्त अवधी लागतो.

मेरी फुलर आणि हेन्री जेंकिन्स यांनी १९९५ मध्येच निन्टेंडोचे खेळ आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतील ‘नव्या जगा’ची प्रवासवर्णने यांची तुलना करून, दोहोंत पात्र आणि कथानक यांहून अवकाशाला महत्त्व असते असे दाखवले होते. त्यांच्या निरीक्षणाला एक पुरवणी जोडता येईल. सोळाव्या शतकातील लेखकाला ‘रिकामी भूमी’ ही कल्पना वसलेल्या प्रदेशावर लादावी लागली, आणि त्यासाठी तेथील माणसे वृत्तान्तातून पुसावी लागली. खेळाच्या कर्त्याला काही पुसावे लागत नाही. त्याचा नियम कोट्यवधी ग्रह खरोखरच रिकामे निर्माण करतो. वसाहतवादाला जी अवस्था फक्त असत्य सांगून मिळाली, ती येथे सत्य म्हणून मिळते. म्हणून ताबा येथे निरपराध वाटतो आणि काही अंशी तो आहेही. कोणाचीही जमीन येथे गेलेली नाही.

आक्षेप असा घेता येईल की, मग तक्रार कशाची? तक्रार नाही, एक भेद राखायचा आहे. रिकामेपण ही या विश्वात सापडलेली गोष्ट नसून लिहिलेली गोष्ट आहे. बीज निवडताना कर्त्यांनी काय वगळायचे ते ठरवले, जसे १९८४ मध्ये एका शब्दापायी दीर्घिका वगळली. त्या लिहिलेल्या रिकामेपणात वावरण्याची सवय झालेल्या डोळ्याला जगातील रिकाम्या दिसणाऱ्या जागाही तशाच वाटू लागतील काय, हा प्रश्न समीक्षेचा आहे. माळरान, गायरान, ‘पडीक’ म्हणून सरकारी दप्तरात लागलेली जमीन यांचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाने तो विचारायलाच हवा.

या परंपरेने स्वतःच या प्रश्नाचे उत्तर आरंभीच देऊन ठेवले होते. १९८६ चा तो स्फटिक आपल्या वहीत खनिज म्हणून नोंदला गेला आणि इंधन म्हणून जळाला. ४०० अब्ज ग्रहमालांच्या पुढच्या विश्वांत मोजणीची साधने कितीतरी सूक्ष्म झाली. परंतु रकान्याचे शीर्षक चुकले असेल तर मोजणी जितकी अचूक तितकी चूक पक्की होते, हे सांगणारा खेळ अवघ्या ८०० ग्रहांचा होता. बीगलच्या सफरीतून डार्विनचा खंड उरला तो त्यातील मोजमापांमुळे नव्हे, तर रकान्यात न मावणारे पाहण्याची तयारी त्यात होती म्हणून. आकाशगंगेच्या काठावरील त्या ताऱ्याला जहाजाचे नाव देणाऱ्यांना हे अभिप्रेत होते की नाही, हे गौण आहे. नावाने ते जपले आहे, आणि त्या नावाचा अन्वयार्थ लावणे हे वाचकाचे काम आहे.